फेसबुकच्या ११४ वर्षं आधी या वकिलाने प्रायव्हसीचा हक्क मागितला होता

रात्री झोपताना मोबाईलवर एखादा मिक्सर बघायचा. घ्यायचा नसतोच, नुसता भाव बघायचा असतो. सकाळी उठून इन्स्टाग्राम उघडलं की तोच मिक्सर. बातम्यांच्या वेबसाईटवर तोच मिक्सर. क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलं तर तिथेही कोपऱ्यात तोच मिक्सर, आणि आता त्यावर दहा टक्के सूट.

मग डोक्यात दोन प्रश्न येतात. आपण काय बघत होतो हे यांना सांगितलं कुणी? आणि सांगायचा हक्क तरी त्यांना दिला कुणी?

यातला दुसरा प्रश्न १३० वर्षांहून जुना आहे. मोबाईल सोडा, तेव्हा बहुतेक घरांत विजेचा दिवासुद्धा नव्हता. बोस्टनमधल्या दोन तरुण वकिलांनी तो प्रश्न विचारला आणि त्यावर एक लेख लिहिला. त्यातले एक होते लुईस ब्रँडाइस.

पुढे ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले. तिथे फोन टॅपिंगच्या एका खटल्यात ते अल्पमतात राहिले. त्यांच्या मृत्यूला २६ वर्षं झाल्यावर त्याच कोर्टाने आपला जुना निकाल बदलला. भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ साली प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, त्यातही ब्रँडाइस यांच्या लेखाची सविस्तर चर्चा आहे.

आज आपण ज्याला प्रायव्हसी म्हणतो, तिला कायद्यात जागा कशी मिळाली, हे समजून घ्यायचं तर या माणसाची गोष्ट वाचावी लागते.

मामाचं नाव लावणारा मुलगा

लुईसचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ चा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावचा. आईवडील मूळचे प्रागचे, ज्यू. १८४८ मध्ये युरोपभर राजेशाहीविरुद्ध उठाव झाले आणि बहुतेक ठिकाणी ते चिरडले गेले. त्यानंतर ब्रँडाइस कुटुंबाने बाडबिस्तरा गुंडाळला आणि अमेरिका गाठली. वडिलांनी धान्याच्या व्यापारात जम बसवला.

घरात सगळ्यात जास्त प्रभाव होता मामाचा. मामा वकील, गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या ज्या अधिवेशनात अब्राहम लिंकन यांना उमेदवारी मिळाली, त्या अधिवेशनाला मामा प्रतिनिधी म्हणून हजर होता. लुईसचं मधलं नाव आधी डेव्हिड होतं. ते बदलून त्याने मामाचं आडनाव लावलं, डेम्बिट्झ.

१८७२ मध्ये कुटुंब युरोपला गेलं. लुईस जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शाळेत शिकला. १८७५ मध्ये परत आला आणि कॉलेजची पदवी नसताना थेट हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये दाखल झाला. वय फक्त १८.

तिथे एक अडचण आली. अभ्यास इतका की डोळ्यांनी साथ सोडली. डॉक्टरांनी वाचन कमी करायला सांगितलं. लुईसने मार्ग काढला. मित्र पुस्तकं मोठ्याने वाचायचे आणि हा ऐकून लक्षात ठेवायचा. १८७७ मध्ये तो वर्गात पहिला आला. लॉ स्कूलमध्ये तोवर कुणालाही मिळाले नव्हते इतके गुण त्याला मिळाले आणि पुढे कित्येक वर्षं तो विक्रम कुणी मोडला नाही. पदवीसाठी २१ वर्षं पूर्ण असावी लागत. याचं वय कमी भरत होतं, म्हणून विद्यापीठाला नियमाला अपवाद करावा लागला.

त्याच वर्गात दुसरा आला होता सॅम्युअल वॉरन. बोस्टनमधल्या बड्या कागद कारखानदाराचा मुलगा. १८७९ मध्ये दोघांनी बोस्टनमध्ये भागीदारीत वकिली सुरू केली. वॉरनच्या ओळखी आणि ब्रँडाइस यांचं डोकं, ऑफिस धडाक्यात चाललं. वडिलांच्या निधनानंतर वॉरन यांनी वकिली सोडून कारखाना हातात घेतला, पण दोस्ती टिकली.

कोडॅक, फ्लॅश आणि गॉसिपची पानं

आता त्या काळात काय चाललं होतं ते बघू.

१८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंचा रोल भरलेलाच. बटण दाबायचं, रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीला पाठवायचा, कंपनी फोटो काढून नवा रोल भरून परत पाठवायची.

याच्या आधी फोटो काढणं म्हणजे स्टुडिओत जाऊन मान ताठ धरून बसणं. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या परवानगीशिवाय तो निघतच नसे. कोडॅक आला आणि ही अटच गेली. रस्त्यावर, बागेत, समुद्रावर कुणीही कुणाचाही फोटो काढू लागलं.

दुसरीकडे वर्तमानपत्रांची चुरस लागली होती. खप वाढवायचा तर लोकांच्या घरातल्या गोष्टी छापायच्या. कोणाकडे मेजवानी झाली, कोण कुणाबरोबर आलं, कुणाचं बिनसलं. वॉरन यांची बायको मेबल ही सिनेटर थॉमस बेयार्ड यांची मुलगी. साहजिकच बोस्टनच्या पेपरांचं या घरावर बारीक लक्ष असायचं.

याबद्दल एक किस्सा बरीच वर्षं सांगितला जातो. वॉरन यांच्या मुलीच्या लग्नाच्या बातम्या पेपरात आल्या, ते भडकले आणि त्यातून तो लेख जन्मला, असा. पण वॉरन यांचं स्वतःचंच लग्न १८८३ मधलं. लेख आला तेव्हा मुलगी लहान होती. त्यामुळे हा किस्सा खरा असूच शकत नाही.

खरी घडलेली एक गोष्ट मात्र लेखात आहे. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मॅरियन मनोला नावाची अभिनेत्री काम करत होती. भूमिकेसाठी तिला अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावे लागत. तिचा तशा कपड्यांतला फोटो काढायला तिने नकार दिला होता. तरी नाटक चालू असताना प्रेक्षागृहातून फ्लॅश मारून तिचा फोटो काढला गेला, कारण नाटकाच्या जाहिरातीला तो हवा होता. ती कोर्टात गेली आणि फोटो वापरायला मनाई मिळवली.

म्हणजे प्रायव्हसीच्या कायद्याची चर्चा सुरू झाली तेव्हापासूनच जाहिरात त्या गोष्टीत आहे.

लेखात नेमकं होतं काय?

१५ डिसेंबर १८९० ला हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये लेख छापून आला. नाव, द राईट टू प्रायव्हसी. ब्रँडाइस तेव्हा ३४ वर्षांचे होते.

तोपर्यंत कायद्याला चोरी कळत होती, मारहाण कळत होती, बदनामी कळत होती. पण कुणी तुमची वस्तू नेली नाही, अंगाला हात लावला नाही, खोटंही बोललं नाही, फक्त तुमच्या खाजगी आयुष्यातली गोष्ट चार लोकांत मांडली, तर? कायद्याकडे उत्तर नव्हतं.

वॉरन आणि ब्रँडाइस यांनी जुने खटले खोदून काढले. त्यातला एक थेट इंग्लंडच्या राजघराण्याचा. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट हौस म्हणून घरातली चित्रं कोरून छापायचे. त्याच्या प्रती एका माणसाच्या हाती लागल्या आणि त्याने त्या चित्रांची यादी छापून प्रदर्शन भरवायचं ठरवलं. १८४९ मध्ये कोर्टाने त्याला रोखलं.

कोर्टाने तेव्हा मालमत्तेची भाषा वापरली होती. दोघा वकिलांचा मुद्दा वेगळा होता. चित्रांची यादी छापल्याने कुणाचं चित्र चोरीला जात नाही. तरी कोर्टाला ते थांबवावंसं वाटलं, याचा अर्थ कायदा आतून माणसाचंच रक्षण करत होता. आपल्याबद्दल लोकांना काय आणि किती कळू द्यायचं हे ठरवायचा अधिकार त्या माणसाचा असतो. तो कायद्याने उघडपणे मान्य करावा, एवढीच त्यांची मागणी होती.

आजच्या ट्रॅकिंगच्या नजरेने लेखातले तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

पहिला, माहिती खरी आहे हा बचाव चालणार नाही. बदनामीत खरं-खोटं बघतात, इथे नाही. तुम्हाला मधुमेह आहे हे जाहिरात कंपनीने अचूक ओळखलं, म्हणून तिला ते ओळखण्याचा हक्क मिळत नाही.

दुसरा, वाईट हेतू नव्हता हाही बचाव चालणार नाही. त्रास देणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा ज्याला त्रास झाला त्याचं काय झालं हे महत्त्वाचं.

तिसरा मुद्दा संमतीचा. माणसाने स्वतः ती गोष्ट जाहीर केली किंवा संमती दिली, तर हक्क संपतो. आजचा ऑनलाईन जाहिरातींचा धंदा याच एका फटीतून आत शिरलाय. ॲप उघडलं की लांबलचक अटी येतात, त्या कुणी वाचत नाही, खाली मी सहमत आहे असं बटण असतं आणि आपण ते दाबतो.

लेखाने मर्यादाही घातली होती. सार्वजनिक हिताच्या गोष्टी छापायला या हक्काची आडकाठी नसावी. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस आपलं सार्वजनिक वागणं प्रायव्हसीच्या नावाखाली लपवू शकत नाही.

पिठाच्या जाहिरातीवरचा चेहरा

लेख गाजला, पण कोर्टं लगेच मानतील अशातला भाग नव्हता.

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये एका तरुणीचा फोटो पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. तिला न विचारता. २५ हजार प्रती. दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत तिचा चेहरा टांगलेला. ओळखीचे लोक चेष्टा करू लागले आणि मनस्तापाने ती आजारी पडली. ती कोर्टात गेली आणि १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन अशा मतांनी हरली. असा कुठला हक्क कायद्यात नाहीच, असं बहुमताचं म्हणणं पडलं.

लोक खवळले. पेपरांनी कोर्टावर टीका केली. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदाच केला. जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी कुणाचंही नाव किंवा फोटो वापरायचा तर लेखी परवानगी हवी. १९०५ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या जाहिरातीत एका चित्रकाराचा फोटो परवानगीशिवाय वापरल्याच्या खटल्यात प्रायव्हसीचा हक्क स्पष्टपणे मान्य केला.

लोकांचा वकील

ब्रँडाइस मात्र तोवर दुसऱ्या लढायांत उतरले होते.

१८९१ मध्ये ॲलिस गोल्डमार्कशी त्यांचं लग्न झालं, पुढे दोन मुली झाल्या. राहणी साधी. वकिलीत भरपूर पैसा मिळाला आणि घरखर्चाची चिंता मिटली, तेव्हा त्यांनी ठरवलं की सार्वजनिक कामाचे खटले फुकट लढायचे. लोक त्यांना लोकांचा वकील म्हणू लागले.

बोस्टनच्या वाहतूक कंपनीची मक्तेदारी, गॅसचे दर, रेल्वे कंपन्यांचं एकत्रीकरण, प्रत्येक ठिकाणी ते कंपन्यांच्या विरोधात उभे राहिले. कामगारांना स्वस्तात आयुर्विमा मिळावा म्हणून १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बचत बँकांतून विमा विकायची योजना त्यांनी मंजूर करून घेतली. १९०८ मध्ये ऑरेगन राज्यातल्या महिला कामगारांच्या कामाच्या तासांचा खटला सुप्रीम कोर्टात आला. ब्रँडाइस यांनी कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांत उरकला आणि पुढे शंभरावर पानं कारखान्यांची, आरोग्याची आकडेवारी जोडली. ही माहिती जमवण्यात मेहुणी जोसेफिन गोल्डमार्क यांचा मोठा वाटा होता. अशा युक्तिवादाला आजही वकिलीच्या जगात ब्रँडाइस ब्रीफ म्हणतात.

इथे एक गोष्ट विसंगत वाटू शकते. खाजगीपणासाठी भांडणारा हा माणूस बँका आणि कंपन्यांचे हिशेब मात्र लोकांसमोर आले पाहिजेत म्हणून हटून बसायचा. बड्या बँकर्सवर त्यांनी लिहिलेलं अदर पीपल्स मनी हे पुस्तक १९१४ मध्ये आलं. त्यात कारभार उजेडात आणणं हाच गैरव्यवहारावरचा चांगला इलाज, असं त्यांनी मांडलं. लग्नाआधी ॲलिसला लिहिलेल्या पत्रातही हा विचार डोकावतो. प्रायव्हसीवर लिहिलं, आता तिच्या जोडीला कारभार उघडा ठेवण्याच्या कर्तव्यावरही लिहायला हवं, असं त्यांच्या मनात होतं.

नीट बघितलं तर यात विसंगती नाही. ज्याच्या हातात ताकद आहे त्याने उघड्यावर काम करावं आणि सामान्य माणसाला पडदा मिळावा, असा तो हिशेब. आज गणित उलटं झालंय. आपण काय बघतो, कुठे जातो, किती वाजता झोपतो हे कंपनीला दिसतं. कंपनी ती माहिती कुणाला देते हे आपल्याला दिसत नाही.

१९१२ नंतर ब्रँडाइस राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे आर्थिक सल्लागार बनले. १९१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन ही संस्था उभी राहिली, त्यामागे त्यांचा जोर होता. याच संस्थेने १०५ वर्षांनी, २०१९ मध्ये, लोकांच्या माहितीच्या प्रकरणात फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड लावला.

चार महिने चाललेली नेमणूक

२८ जानेवारी १९१६ ला विल्सन यांनी ब्रँडाइस यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी सुचवलं आणि वादळ उठलं.

ज्या कंपन्यांना त्यांनी कोर्टात खेचलं होतं त्या विरोधात गेल्या. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी विरोधात सह्या गोळा केल्या. माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टॅफ्ट यांनीही जाहीर विरोध केला. टॅफ्ट यांचा राग जुना होता. १९१० मध्ये त्यांच्या सरकारमधल्या जमीन प्रकरणाच्या चौकशीत एका सरकारी कागदावर मागची तारीख टाकल्याचं ब्रँडाइस यांनीच उघड केलं होतं. या विरोधात त्यांच्या ज्यू असण्याचाही भाग होता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावर तोवर एकही ज्यू न्यायमूर्ती झाला नव्हता.

चार महिने सुनावण्या चालल्या. १ जून १९१६ ला सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी नेमणूक मंजूर केली. कोर्टात आल्यावरही न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स त्यांच्याशी तुसडेपणाने वागत.

आणि १९२१ मध्ये त्याच कोर्टाचे सरन्यायाधीश म्हणून आले कोण? विल्यम टॅफ्ट.

दारूचा धंदा आणि टॅप केलेले फोन

१९२० पासून अमेरिकेत दारूबंदी होती. सिॲटल शहरात रॉय ऑल्मस्टेड नावाचा पोलीस लेफ्टनंट होता. दारूच्या तस्करीत पकडला गेला, नोकरी गेली, मग पूर्णवेळ त्याच धंद्यात उतरला. कॅनडातून दारू आणायची, हाताखाली पन्नासवर माणसं, समुद्रात जहाजं, वर्षाची उलाढाल २० लाख डॉलरच्या वर. ऑर्डर घेतल्या जायच्या फोनवर.

केंद्रीय अधिकाऱ्यांनी त्याच्या ऑफिसच्या इमारतीच्या तळघरात आणि आरोपींच्या घरांजवळच्या रस्त्यावर फोनच्या तारांना तारा जोडल्या. काही महिने बोलणं ऐकलं. टाईप केलेल्या नोंदी ७७५ पानांच्या झाल्या. कुणाच्या घरात किंवा ऑफिसात पाऊल टाकलं नव्हतं. वॉरंटही नव्हतं. गंमत म्हणजे त्या राज्यात फोन टॅप करणं हाच गुन्हा होता.

खटला सुप्रीम कोर्टात गेला. फोन कंपन्यांनीही कोर्टात टॅपिंगच्या विरोधात बाजू मांडली.

४ जून १९२८ ला निकाल आला. पाच विरुद्ध चार. बहुमताचा निकाल लिहिला टॅफ्ट यांनी. त्यांचं म्हणणं असं की घरात शिरले नाहीत, वस्तू उचलली नाही, तर झडती झालीच नाही. तार घराबाहेर जाते, ती काही घराचा भाग नाही.

ब्रँडाइस यांनी विरोधी मत लिहिलं. राज्यघटना लिहिली तेव्हा सरकारला माहिती काढायची तर दार फोडावं लागे, म्हणून घटनेत घराची आणि कागदपत्रांची नावं आली. पुढे साधनं बदलली तर संरक्षणही त्यांच्याबरोबर वाढायला हवं, हा त्यांचा गाभा. टपालातलं पत्र उघडायला वॉरंट लागतं तर फोनला का नाही? उलट फोन टॅप करणं जास्त घातक, कारण एकाचा फोन टॅप केला की त्याला फोन करणारा प्रत्येक माणूस त्यात सापडतो.

हे वाचताना आजचं एक उदाहरण लगेच आठवतं. तुम्ही एखादं ॲप कधीच घेतलं नाही. पण तुमच्या मित्राने घेतलं आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली. तुमचा नंबर आणि नाव त्या ॲपकडे पोचलं.

ब्रँडाइस पुढेही गेले. उद्या असं काही निघेल की कपाटातला कागद न उचलताही तो कोर्टात दाखवता येईल आणि माणसाच्या मनात काय चाललंय याचाही माग काढता येईल, असा इशारा त्यांनी दिला. मताच्या कच्च्या खर्ड्यात तर तेव्हा नुकत्याच येऊ घातलेल्या टेलिव्हिजनचाही उल्लेख होता, तो नंतर काढला. सरकारने गुन्हेगार पकडायला स्वतः गुन्हा करावा हेही त्यांना मान्य नव्हतं. आणि सगळ्यात सावध राहायचं ते चांगल्या हेतूने हात पुढे करणाऱ्यांपासून, असं त्यांचं मत होतं.

ऑल्मस्टेड तुरुंगात गेला. १९३५ च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी त्याला माफी दिली.

निकाल फिरला, पण बघायला ते नव्हते

१९३९ मध्ये ब्रँडाइस निवृत्त झाले. ५ ऑक्टोबर १९४१ ला वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी जन्मगावी, लुईव्हिल विद्यापीठाच्या लॉ स्कूलच्या पडवीखाली पुरल्या आहेत.

१९६७ मध्ये एका जुगाऱ्याचा खटला सुप्रीम कोर्टात आला. एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी सार्वजनिक फोन बूथच्या बाहेर मायक्रोफोन लावून त्याचं बोलणं ऐकलं होतं. यावेळी कोर्टाने सांगितलं की घटनेचं संरक्षण जागेला नसून माणसाला आहे. १९२८ चा निकाल मोडीत निघाला.

२०१८ मध्ये मोबाईल टॉवरवरून माणसाच्या १२७ दिवसांच्या हालचाली सरकारने मिळवल्याचा खटला आला. अशी माहिती घ्यायला साधारणपणे वॉरंट लागेल, असं कोर्टाने ठरवलं आणि निकालात ब्रँडाइस यांच्या १९२८ च्या मताचा आधार घेतला.

भारतातही हा प्रवास मोठा आहे. १९७५ च्या गोविंद खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांच्यासमोर हे विचार होते. पुढे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारविरोधात याचिका केली, तेव्हा प्रायव्हसी मूलभूत हक्क नाहीच, असं सरकारचं म्हणणं होतं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ते फेटाळलं. मुख्य निकालपत्रांपैकी एक लिहिलं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं घराणं असलेल्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, आणि त्यात १८९० च्या त्या लेखाला मानाचं पान मिळालं.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली असावी, दिलेली संमती परत घेता यावी, १८ वर्षांखालच्या मुलांचं ट्रॅकिंग आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती करू नयेत, असं त्यात आहे. माहिती सुरक्षित ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलती मात्र फार मोठ्या आहेत, अशी टीका या कायद्यावर होते. ती टीका ब्रँडाइस यांच्या १९२८ च्या मुद्द्यापाशीच येऊन थांबते.

मिक्सर तुमच्या मागे कसा लागतो?

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी कुकी बनवली, वेबसाईटला आलेला माणूस लक्षात राहावा म्हणून. दुकानदार गिऱ्हाईक ओळखतो तसं. पण एका पानावर जाहिरात दुसऱ्याच कंपनीची असते आणि तीही आपली कुकी ठेवू शकते. तीच कंपनी हजारो वेबसाईटवर असेल तर तुम्ही कुठून कुठे गेलात ते तिला जोडून दिसतं. मोबाईल ॲपमध्ये हेच काम जाहिरात आयडी नावाचा एक क्रमांक करतो. पान उघडतं तेवढ्या क्षणात तुमच्यासमोरच्या जागेचा लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात दिसते.

यात तुमचं नाव लागतंच असं नाही. पण सवयी, जागा, वेळा इतक्या जमतात की नावाची गरज उरत नाही.

पाच मिनिटांत करता येईल असं बरंच आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ॲड्स उघडून जाहिरात आयडी डिलीट करा. आयफोनमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ट्रॅकिंग उघडून ॲप्सना विचारण्याची मुभाच बंद करा. ब्राउझरमध्ये थर्ड पार्टी कुकीज बंद करा. वेबसाईटने कुकीजबद्दल विचारलं तर नकाराचं बटण शोधा, ते बहुतेकदा बारीक अक्षरात असतं. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स आणि कॅल्क्युलेटरला लोकेशन कशाला लागतं, हे विचारून परवानग्या काढून घ्या. कॉन्टॅक्ट्सची परवानगी देताना लक्षात ठेवा, त्या यादीतल्या बाकीच्यांना कुणी विचारलेलं नसतं.

जाहिराती याने थांबणार नाहीत, फक्त तुमचा माग काढणं अवघड होईल. उरलेलं काम कायद्याचं आहे, आणि कायदा हळू चालतो. रोचेस्टरची ती मुलगी कोर्टात हरली, पण लोकांनी आवाज उठवला आणि वर्षभरात न्यूयॉर्कमध्ये कायदा आला. फोन टॅपिंगचा निकाल फिरायला ३९ वर्षं लागली. दोन्ही वेळा आधी कुणीतरी विचारावं लागलं होतं, की हा हक्क तुम्हाला दिला कुणी?